अंधारगाडी आणि ग्वाल्हेरचा मेळा

करमणुकीचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः वरच्या पायरीवरच थांबतो. ग्वाल्हेरपुरते बोलायचे तर येथील गायकीवर विपुल लेखन झाले आहे. हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्यापासून शंकरराव पंडित आणि कृष्णराव पंडित यांच्यापर्यंतची परंपरा अभ्यासकांनी तपशिलाने मांडली आहे. किल्ल्यावर ग्रंथ आहेत, शिंदे घराण्याच्या राजकारणावर तर बरेच आहेत. मात्र दर हिवाळ्यात सारे शहर ज्या मेळ्यात लोटते, त्यातील पाळणे, मौत का कुआँ, जादूचे तंबू आणि भूतबंगले यांनाही काही इतिहास असू शकतो, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. तिकीट काढावे, घटकाभर किंचाळावे, हसावे आणि बाहेर येऊन पापड खावा, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध.

प्रस्तुत लेखाचा विषय या खालच्या पायरीवरचाच एक खेळ आहे. अमेरिकेत त्याला ‘डार्क राइड’ म्हणतात, इंग्लंडात त्याच्या भुताच्या प्रकाराला ‘घोस्ट ट्रेन’ हे नाव आहे. मराठीत रूढ शब्द नसल्यामुळे येथे ‘अंधारगाडी’ हा शब्द वापरतो. एका बंदिस्त इमारतीत पूर्ण अंधार असतो. प्रेक्षक दोघांच्या बैठकीच्या छोट्या गाडीत किंवा होडीत बसतो. गाडी त्याला वळणावळणाने आत नेते आणि ठरावीक जागी एखादे दृश्य क्षणभर उजळते: कधी चेटकीण, कधी खाण, कधी चंद्रावरचे नगर. दोन-तीन मिनिटांत गाडी दार ढकलून पुन्हा उजेडात येते. खेळ एवढाच. पण त्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे आणि तिचे उत्तम नमुने आजही बहुतांशी नामांकित उद्यानांबाहेर, अमेरिकेतील आडगावच्या घरगुती उद्यानांत सापडतात. असे का व्हावे, या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या मेळ्यातील भूतबंगल्याकडे पाहण्याची एक दृष्टीही मिळते, असे मला वाटते.

प्रथम मेळ्याविषयी. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच ‘लष्कर’ हे शहर झाले. या शहरात मराठी सरदार, कारकून, शास्त्री, वैद्य आणि गवई यांची वस्ती वाढत गेली. पुढे श्रीमंत माधवराव शिंदे (१८७६–१९२५) यांनी १९०५ साली येथे मेळा सुरू केला. आरंभी तो सागरतालच्या परिसरात भरणारा गुरांचा बाजार होता. कालांतराने तो रेसकोर्स रस्त्याजवळच्या आजच्या विस्तीर्ण मैदानावर आला, गुरांबरोबर कापड, भांडी, लाकूडसामान आले आणि अलीकडच्या काळात मोटारगाड्या आल्या. १९९६ साली मध्य प्रदेश शासनाने कायदा करून त्याच्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले. आज हा मेळा मोटारखरेदीवरील कर-सवलतीसाठी दूरवर ओळखला जातो. परंतु लष्कर, मुरार आणि जुने ग्वाल्हेर येथील मुलांना विचाराल तर मेळा म्हणजे ‘झूला सेक्टर’.

येथे शब्दाचीही एक गंमत आहे. पुण्यात ‘मेळा’ म्हटले की जुन्या माणसांना गणेशोत्सवातील पदे गाणारी मुलांची पथके आठवतात. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत तोच शब्द हिंदी ‘मेला’च्या सावलीत वाढला आणि त्याचा अर्थ जत्रा असा झाला. दोन्ही अर्थांत समान आहे ती माणसांची दाटी आणि काहीतरी पाहायला मिळण्याची अपेक्षा. अंधारगाडीचा जन्मही याच अपेक्षेतून झाला.

ग्वाल्हेरचा मेळा सुरू झाला त्या सुमारास, जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या समुद्रकाठी करमणुकीचा एक नवाच व्यवसाय भरभराटीला आला होता. लामार्कस थॉम्पसन या गृहस्थाने १८८४ मध्ये तेथे उतारावरून घसरत जाणारी गाडी सुरू केली. भाडे होते ५ सेंट. तीन वर्षांनी त्याने अटलांटिक सिटी येथे ‘सीनिक रेल्वे’ उभारली. तिच्या वाटेवर बोगदे होते आणि बोगद्यांत रंगवलेली दृश्ये. गाडी जवळ आली की दिवे लागत, पुढे गेली की विझत. अंधारातून जाणारा प्रेक्षक आणि त्याच्यासाठी क्षणभर जागे होणारे दृश्य, ही कल्पना येथे प्रथम ठळकपणे दिसते. विजेचा दिवा अजून नवलाईचा होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

१९०१ साली बफेलो शहरातील प्रदर्शनात फ्रेडरिक थॉम्पसन याने ‘चंद्राची सफर’ दाखवली. पंख असलेल्या ‘लूना’ नावाच्या नावेत प्रेक्षक बसत. नाव जागची फारशी हलत नसे. भोवती सरकणारी चित्रे, वारा आणि प्रकाश यांच्या योगाने नायगारा मागे पडल्याचा आणि पृथ्वी लहान होत गेल्याचा भास होई. चंद्रावर उतरल्यावर तेथील ‘रहिवासी’ हिरवे चीज खायला देत. या सफरीच्या यशावर थॉम्पसन आणि त्याचा भागीदार यांनी १९०३ मध्ये कोनी आयलंडला ‘लूना पार्क’ उघडले. त्याच १९०१ साली पिट्सबर्गजवळच्या केनीवूड उद्यानात ‘ओल्ड मिल’ सुरू झाली. पाणचक्कीसारख्या चाकाने पाण्याला गती द्यायची, त्या प्रवाहात होड्या सोडायच्या आणि त्या काळोख्या बोळांतून वाहत न्यायच्या, अशी तिची रचना होती. जोडप्यांना एकान्त मिळे, मुलांना भीती मिळे आणि मालकाला दोहोंचे पैसे मिळत.

म्हणजे लूना पार्क आणि ग्वाल्हेरचा मेळा यांच्यात अंतर केवळ दोन वर्षांचे. या दोहोंत कोणी कोणाचे अनुकरण केले असे सुचवण्याचा हेतू नाही. एक विजेवर चालणारे व्यापारी उद्यान होते, तर दुसरा संस्थानिकाने भरवलेला गुरांचा बाजार. तरीही एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. माधवराव महाराजांना गाड्या आणि यंत्रे यांचा विलक्षण शोक होता. दोन फूट रुंदीच्या रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे त्यांच्याच उत्साहातून वाढली. १८९९ मध्ये तिच्यावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि १९०९ पर्यंत तिची एक शाखा श्योपूरपर्यंत पोहोचली. जयविलास राजवाड्यातील भोजनाच्या मेजावर धावणारी चांदीची आगगाडी तर सर्वांनी पाहिलेली आहे. मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरे. पाहुण्याने सुरई उचलली की गाडी थांबे, परत ठेवली की चालू लागे. डब्यांवर ‘सिंदिया’ या नावाची इंग्रजी अक्षरे आहेत.

ही चांदीची गाडी म्हणजे अंधारगाडीचे उलटे रूप होय. अंधारगाडीत दृश्ये जागच्या जागी असतात आणि प्रेक्षक फिरतो. मेजावरच्या गाडीत प्रेक्षक बसलेला असतो आणि नवल त्याच्यासमोरून फिरते. पण विजेने चालणारी छोटी गाडी ठरावीक जागी पोहोचताच काहीतरी घडावे, ही मूळ कल्पना दोन्हींत एकच आहे. कोनी आयलंडला तो आनंद पाच सेंटांत मिळे, जयविलासात त्यासाठी महाराजांचे निमंत्रण लागे. सामान्य ग्वाल्हेरकराला रुळांवरच्या छोट्या गाडीची मौज मिळाली ती श्योपूरच्या गाडीत. सुमारे दोनशे किलोमीटरांच्या प्रवासाला दहा-अकरा तास घेणारी, टपावरही माणसे बसवून नेणारी ही गाडी २०२० मध्ये बंद झाली. तिचा मार्ग रुंद करण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.

अंधारात बसवून गोष्ट दाखवण्याची कला आपल्याकडे परकी होती असेही नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे जाहीर प्रयोग सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, एकामागून एक सरकवून साधलेला हालचालीचा भास, सोबत निवेदन आणि गाणी, असे त्यांचे स्वरूप होते. पौराणिक कथा पडद्यावर सजीव होताना पाहणारा तो प्रेक्षक चित्रपट येण्यापूर्वीच अंधाराला सरावला होता. पुढे पुण्याच्या गणेशोत्सवातील ‘हलत्या देखाव्यां’नी ही परंपरा वेगळ्या वाटेने चालवली. मोटरीवर फिरणारे चाक, चाकाला जोडलेली दांडी, दांडीने उठणारा अफझलखानाचा हात, प्रकाशझोत आणि ध्वनिफितीवरचे भारदस्त निवेदन यांनी पेठापेठांतील रात्री गाजल्या. देखाव्यात माणूस उभा राहतो आणि मूर्ती हलतात, एवढाच काय तो अंधारगाडीशी फरक. यंत्राची जात एकच आहे: मोटर, चाक, दांडी, दिवा आणि त्यांना झाकणारा काळोख.

खुद्द ग्वाल्हेरात तर अंधाराची वाट पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून तयार आहे. मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६–१५१६) बांधलेल्या मानमंदिराला जमिनीखाली दोन मजले आहेत. वरच्या निळ्या-पिवळ्या फरशांच्या लखलखाटातून माणूस अरुंद जिन्याने खाली उतरतो आणि गोल, खांबांच्या दालनात येतो. राण्यांचे हे झूलाघर, येथे छताच्या कड्यांना झोपाळे टांगत, असे वाटाडे सांगतात. भिंतींतील पोकळ्या दाखवून त्यांतून वरच्या मजल्यावर बोलणे ऐकू जाई, असेही सांगतात. मोगलांच्या काळात किल्ला राजबंद्यांचा तुरुंग झाला. औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याला याच किल्ल्यावर ठेवले होते आणि १६६१ मध्ये येथेच त्याचा शिरच्छेद झाला. झोपाळ्याचे घर आणि तुरुंग, या दोन गोष्टी एकाच काळोखात ऐकवताना वाटाड्या आवाज खाली आणतो, विजेरी विझवतो, क्षणभर थांबतो आणि मग पुढचे वाक्य बोलतो. अंधारगाडीचे तंत्र यापेक्षा निराळे नाही. केव्हा दाखवायचे यापेक्षा केव्हा दाखवायचे नाही, याचे भान त्या दोघांनाही असावे लागते.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू, कारण लहान उद्यानांचा मुद्दा तेथे स्पष्ट होतो. ‘ओल्ड मिल’साठी पाण्याचा लांब कालवा बांधावा लागे, तो गळू नये म्हणून राखावा लागे आणि त्याला जागाही फार लागे. न्यू जर्सी राज्यातील ब्रिजटन हे एक लहान गाव. तेथील लिऑन कॅसिडी हा एका छोट्या उद्यानाच्या मालकांपैकी एक होता आणि हा खर्च त्याला झेपणारा नव्हता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पाणीच काढून टाकले. एकच रूळ, त्यावर विजेवर चालणारी दोघांची गाडी आणि एका साध्या कोठडीत शक्य तेवढी वळणे, असा त्याचा तोडगा होता. वळणांमुळे छोटी जागा मोठी वाटे आणि पुढे काय आहे ते कधीच दिसत नसे. बाहेर आलेल्या एका प्रवाशाने आपल्याला ‘प्रेट्झेल’सारखे पिळून काढल्याचे सांगितले म्हणतात. प्रेट्झेल म्हणजे तिकडचे पिळाचे खारे बिस्कीट, आपल्या कडबोळ्याचा भाऊबंद. १९२८ पासून ‘प्रेट्झेल’ याच नावाची त्याची कंपनी या गाड्या तयार करून गावोगावच्या उद्यानांना विकू लागली.

अंधारगाडीच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा मला वाटतो. गरिबीतून निघालेल्या या तोडग्याने खेळाचे सत्त्वच उघड केले. राजवाडा बांधायचा तर संगमरवर लागतो, पण काळोखाला पैसे पडत नाहीत. काळोखात पुठ्ठ्याची भिंत दगडाची होते, चेहऱ्यावरून ओढला जाणारा दोरा कोळ्याचे जाळे होतो आणि पत्र्यावर आपटलेली साखळी अंगावर काटा आणते. पाहणारा स्वतःच उरलेले सारे भरून काढतो. म्हणून ज्या मालकाजवळ पैसा थोडा आणि कल्पकता भरपूर, त्याला हा खेळ विशेष साधला.

पुढच्या पिढीतील बिल ट्रेसी या कारागिराचे उदाहरण घ्यावे. १९६० च्या दशकात आणि १९७४ मधील त्याच्या निधनापर्यंत त्याने मुख्यतः मध्यम आणि लहान उद्यानांसाठी अशी घरे सजवली. मेरीलँडमधील ओशन सिटी येथे ट्रिंपर कुटुंबाच्या उद्यानातील ‘हाँटेड हाउस’ १९६४ चे, तर पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील वॉल्डमीर उद्यानातील ‘व्हॅकी शॅक’ १९७० चे. ट्रेसीच्या आकृती ओबडधोबड, विनोदी आणि काहीशा क्रूर असत. कललेल्या खोल्या, तिरकी दारे आणि अंगावर येणारे काही अशी त्याची शैली होती. याच पेनसिल्व्हेनियात एलिसबर्ग या खेड्याजवळ कनोबल्स नावाचे कौटुंबिक उद्यान आहे. तेथे आत शिरायला तिकीट नाही, ज्या खेळात बसायचे त्याचेच पैसे द्यायचे. आपल्या मेळ्याची पद्धत याहून वेगळी नाही. तेथील ‘हाँटेड मॅन्शन’ १९७३ मध्ये सुरू झाला आणि जाणकार त्याची गणना अमेरिकेतील सर्वोत्तम अंधारगाड्यांत करतात.

याच काळात डिस्नीने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात आपले उद्यान उघडून अंधारगाडीला कथा आणि प्रतिष्ठा दिली. १९६७ मधील समुद्री चाच्यांची सफर आणि १९६९ मधील भुतांचा महाल ही त्या कलेची शिखरे मानली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु शिखरावर पोहोचल्यावर खेळाचे स्वरूप बदलते. तेथे शेकडो यंत्रमूर्ती, संगणक आणि अभियंत्यांची पलटण असते आणि प्रेक्षक त्या सामर्थ्याने थक्क होतो. लहान उद्यानात तो कोणाच्या तरी खोडकरपणाला फसतो. दोन्ही अनुभवांचे मोल वेगळे आहे. दुसऱ्यात करणारा माणूस अधिक जवळ जाणवतो.

या कसोटीवर आपल्या मेळ्यातील भूतबंगला पाहावा. बाहेर पत्र्यावर रंगवलेली कवटी, लाल डोळ्यांची चेटकीण, हिंदी चित्रपटातून उचललेले एखादे भूत. कर्ण्यावर अखंड चालणारे विकट हास्य आणि त्यावर मात करणारा तिकीटवाल्याचा आवाज. आत बहुधा गाडी नसते, पायीच जायचे असते. काळ्या कापडाचे बोळ, हलणारी फळी, दोऱ्यावर लटकलेला सांगाडा आणि कोपऱ्यात मुखवटा घालून दबा धरलेला एखादा पोरगा. हंगाम संपला की सारा बंगला ट्रकवर चढतो आणि पुढच्या जत्रेला निघतो. ज्याला वर्षातून अनेकदा मोडून पुन्हा उभे राहायचे आहे, त्याला रूळ, कालवा आणि यंत्रमूर्ती परवडत नाहीत. म्हणून येथे यंत्राची जागा माणसाने घेतली आहे. कॅसिडीने पाणी काढून टाकले, आपल्या भूतबंगलेवाल्याने गाडीच काढून टाकली. तर्क तोच आहे, फक्त एक पाऊल पुढे गेलेला.

चांगला भूतबंगला कसा ओळखावा, असे कोणी विचारले तर अमेरिकेतील हौशी मंडळींनी अनुभवाने काढलेल्या खुणा येथेही लागू पडतात. दर्शनी भिंत हाताने रंगवलेली असेल तर आतही कोणीतरी मन लावून काम केलेले असण्याचा संभव असतो. छापील फलकांमागे बहुधा विकत आणलेले मुखवटे असतात. दुसरी खूण शांततेची. जेथे पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत आरडाओरड चालते, तेथे कान लवकर बधिर होतात आणि भीती मरते. जाणता कारागीर एक लांब, रिकामा, निःशब्द बोळ ठेवतो. तिसरी खूण वळणांची: समोरचा शेवट दिसता कामा नये. चौथी आणि सर्वांत भरवशाची खूण बाहेर उभे राहूनच कळते. बाहेर पडणारी माणसे पाहावीत. ती हसत, एकमेकांना ढकलत, काय झाले ते सांगत येत असतील तर तिकीट काढावे. मुकाट्याने बाहेर येत असतील तर पुढच्या तंबूकडे वळावे.

या कौतुकाला एक गंभीर बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. काळोख स्वस्त असतो, पण निष्काळजी माणसाच्या हाती तो प्राणघातक ठरतो. सिडनीच्या लूना पार्कमधील घोस्ट ट्रेनला ९ जून १९७९ च्या रात्री आग लागली आणि सात जण मृत्युमुखी पडले. त्यांत सहा मुले होती. न्यू जर्सीतील एका मोठ्या उद्यानातील ‘हाँटेड कॅसल’मध्ये ११ मे १९८४ रोजी आठ तरुण मुलामुलींचा बळी गेला. लाकूड, कापड, रंग, जुनी वायरिंग आणि मुद्दाम चकवणारी वाट यांचा तो परिणाम होता. त्यानंतर नियम कडक झाले. पाण्याचे फवारे, धोक्याच्या घंटा आणि बाहेर पडण्याच्या स्पष्ट वाटा आवश्यक ठरल्या. ज्यांना हा खर्च पेलला नाही त्यांनी जुनी घरे पाडून टाकली.

आपल्याकडे हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे, किंबहुना प्रत्येक मेळ्यात तो असतोच. काळ्या कापडाच्या बोळात शंभर माणसे असताना ठिणगी पडली तर काय, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईबापाला आहे. यावर दोन टोकाचे उपाय संभवतात. एक म्हणजे डोळेझाक आणि दुसरा म्हणजे सरसकट बंदी. पहिल्याने माणसे मरतात, दुसऱ्याने कला मरते. न पेटणारे कापड, प्रत्येक बोळाला उघडणारे एक जास्तीचे दार, एका कळीत लागणारे सारे दिवे आणि आत किती माणसे सोडायची याची मर्यादा, एवढे चार नियम काटेकोर पाळले तर भूतबंगल्याच्या भुतांना काहीच अपाय होणार नाही. ट्रिंपरांचे घर आणि वॉल्डमीरची झोपडी आजही उभी आहेत, कारण त्यांच्या मालकांनी हा खर्च केला.

टिकवून ठेवण्याच्या या गोष्टीतच खरा फरक दिसतो. केनीवूडच्या ‘ओल्ड मिल’ची कथा उद्‌बोधक आहे. २००४ साली चालकांनी तिचे जुने नाव आणि रूप पुसून तेथे गारफिल्ड या व्यंगचित्रांतील मांजराची सजावट केली. जुन्या प्रेक्षकांना ते रुचले नाही. त्यांनी जुनी छायाचित्रे जपली, आठवणी लिहिल्या, आग्रह धरला. २०२० मध्ये ती पुन्हा ‘ओल्ड मिल’ या नावाने सुरू झाली. म्हणजे ज्या वर्षी आमच्या श्योपूरच्या छोट्या गाडीचा शेवट झाला, त्याच वर्षी तिकडे १९०१ ची होडी पुन्हा आपल्या नावाने चालू लागली. रेल्वेचा मार्ग रुंद होणे ही चंबळच्या खोऱ्याची खरी गरज आहे आणि तिला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्या गाडीतून प्रवास केलेल्या किती जणांच्या आठवणी आपण टिपून ठेवल्या, हा प्रश्न उरतोच.

मोठ्या उद्यानांचीही आपल्याकडे शाश्वती नाही. दिल्लीचे ‘अप्पू घर’ १९८४ मध्ये थाटाने उघडले आणि २००८ मध्ये बंद झाले. मुंबईजवळ गोराईच्या ‘एस्सेलवर्ल्ड’ने १९८९ पासून मराठी मुलांच्या दोन पिढ्या घडवल्या. तेथील ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’ या काळोख्या घरात किंचाळलेली मुले आज स्वतः आईबाप आहेत. २०२२ मध्ये तेही बंद पडले. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इमॅजिका’त ‘सलीमगढ’ आणि ‘अलिबाबा’ यांसारख्या खेळांनी अंधारगाडीला देशी कथा दिल्या, ही समाधानाची बाब आहे. पण ज्याला खोपोलीला जाण्याचा आणि तेथील तिकिटाचा खर्च परवडत नाही, त्या भिंड-मुरैनाच्या शेतकऱ्याच्या मुलाला अंधाराची ही मौज मिळते ती मेळ्यातच. भूतबंगला गेला तर त्याच्यासाठी दुसरे काही येणार नाही.

म्हणून एक सूचना करून हा लेख संपवतो. ग्वाल्हेरच्या मेळ्याला १०० वर्षे होऊन गेली आहेत. गुरांचे, कापडाचे आणि मोटारींचे हिशेब सरकारी दप्तरांत राहतील. पाळणेवाले, कुआँत मोटारसायकल फिरवणारे आणि भूतबंगल्याचे फलक रंगवणारे यांची दप्तरे नसतात. त्यांची नावे, गावे, कोणत्या जत्रेनंतर ते कोणत्या जत्रेला जातात तो मार्ग, फलक रंगवण्याची पद्धत, आत कोणते दृश्य कोठे ठेवतात त्यामागचा विचार, हे सारे त्यांच्याशी बोलूनच मिळवावे लागेल. आपल्यासारख्या साहित्यसंस्थांतील तरुण सभासदांनी येत्या हिवाळ्यात दोन-चार संध्याकाळी आणि एक कॅमेरा एवढे भांडवल या कामी लावले तरी पुष्कळ होईल. अमेरिकेतील हौशी मंडळींनी हेच केले. त्यांनी आडगावची उद्याने पालथी घातली, कोणत्या घरात कोणाच्या हातचे काम आहे ते ओळखले आणि लिहून ठेवले. बिल ट्रेसीचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे ते बव्हंशी त्यांच्यामुळे. आमच्या मेळ्यातील चेटकीण कोणी रंगवली, हे सांगणारा माणूस तिकीट-खिडकीपाशीच बसलेला असतो. त्याला विचारायला मात्र आपण जायला हवे.